मदत हवी आहे : बारशाला चार दिवस उरलेत, नाव सुचवा

आमचं घर लालबागचं, वारकरी. आजोबांना नऊ मुलं, आम्ही नातवंडं एकतीस, आणि प्रत्येकाचं नाव संतांचं किंवा विठ्ठलाचं. निवृत्ती, ज्ञानेश्वर, सोपान, मुक्ता ही चारही भावंडं आमच्याकडे झाली. ज्ञानेश्वर तर दोन आहेत, थोरला माऊली आणि धाकटा माऊली. जना, सोयरा, निर्मळा, बहिणा, इंद्रायणी, चंद्रभागा, सगळी नावं घेऊन झाली. आजीने कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने यादी लिहून ठेवलीय, ठेवलेल्या नावापुढे हळदीचं बोट.

आता भावाला मुलगी झालीय आणि आत्या म्हणून कानात कुर्र मीच करणार. मृगाचा तिसरा चरण, अक्षर ‘का’. काशी, म्हणजे तुकोबांच्या लेकीचं नाव, चुलतबहिणीचं आहे. आजीला मंगळवेढ्याची कान्होपात्रा हवीय. मलाही ते फार आवडतं, पण वहिनीला वाटतं शाळेत लेकराला त्रास होईल. दोघींचंही मन मोडवत नाही.

‘का’वरून वारकरी परंपरेतलं, हाक मारायला सोपं नाव आहे का? आणि कुणाच्या घरात कान्होपात्रा असेल तर तिला लाडाने काय म्हणता, तेही सांगा.