‘बेंचवर आहे’ म्हणजे नेमका कुठे आहे?

प्रश्न : माझा भाचा नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे. लग्नाच्या बोलणीत जावईबापूंनी सहज सांगितलं, ‘मुलगा सध्या बेंचवर आहे.’ मुलीचे काका हायकोर्टात वकिली करतात. ते सावरूनच बसले. सव्वीस वर्षांचा न्यायमूर्ती! शेजारी बसलेल्या फुटबॉलवाल्या मामांनी विचारलं, ‘काहून, दुखापत झाली काय?’ खुलासा करता करता चहा थंड झाला. बेंच या शब्दाला मराठीत एक पक्का प्रतिशब्द आहे का?

उत्तर : एक नाही, आणि नसलेलाच बरा. इंग्रजीत हा शब्द जिथे जिथे गेला तिथे मूळची फळी सोबत घेऊन गेला. बसायची फळी, काम करायची फळी, काही टेकवायची फळी. मराठीने प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द उचलला, तो तिच्या सोयीने.

तुमच्या भाच्यापासून सुरुवात करू. आयटीत एक प्रोजेक्ट संपलं आणि दुसरं मिळालेलं नाही, पगार मात्र चालू, अशा माणसाला बेंचवरचा म्हणतात. ही कल्पना खेळातून आली, राखीव खेळाडूंच्या बाकावरून. गंमत अशी की ‘बेंच स्ट्रेंथ’ हे क्रिकेटमध्ये कौतुक असतं. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा रणजी जिंकले तेव्हा आपण सगळे राखीव फळीबद्दलच बोलत होतो. तीच बेंच स्ट्रेंथ कंपनीत वाढली की मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात. क्रिकेटसाठी ‘राखीव फळी’ छान शब्द आहे. आयटीसाठी मी शब्द शोधणार नाही. लग्नाच्या बोलणीत ‘पुढच्या प्रोजेक्टची वाट पाहतोय’ एवढं सांगितलं की भागतं.

आता शाळेतला बेंच. त्याला आपल्याकडे बाक आहेच, बाकडंही आहे. हा बाक पोर्तुगीज ‘बांको’वरून आला, पाठीला येणारा बाक वेगळा, तो संस्कृत ‘वक्र’कडचा. म्हणून पाठीला बाक *येतो*, आणि वर्गातलं बाक *मोडतं*. इंग्रजी बेंच आणि बँक हेही एकाच घरचे. इटलीत सराफ ज्या फळीवर पैसे मांडून बसत तिला बांको म्हणत, त्यातून बँक आली.

मराठी बाकाने मात्र एक गोष्ट इंग्रजीपेक्षा जास्त केली. शाळेत बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात जोडलेली असायची, त्यामुळे ‘बाकावर उभा राहा’ मधलं बाक बसायचं आणि ‘बाक वाजवू नका’ मधलं बाक लिहायचं. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात सदस्य ‘बाके वाजवून’ स्वागत करतात ते याच हिशेबाने. इंग्रजीत त्याला डेस्क बडवणं म्हणतात. आपले आमदार डेस्क वाजवतात आणि नाव बाकाचं होतं. ट्रेझरी बेंचेसला आपण ‘सत्ताधारी बाके’ म्हणतो, ते चपखल बसलं आहे.

उमरेडहून एका वाचकाची पुरवणी : खाण राहून गेली, राजेहो. कोळशाची ओपनकास्ट खाण काठावरून पाहा, राक्षसाने उतरायला पायऱ्या खोदल्यासारखी दिसते. त्यातली एकेक पायरी म्हणजे बेंच. कोळशाच्या वरच्या माती-दगडाला आम्ही ओबी म्हणतो. ओबीची बेंच वेगळी, कोळशाची वेगळी. सरळ उभा खड्डा खणला तर कडा अंगावर येईल, म्हणून टप्प्याटप्प्याने खाली जायचं. बेंच इतकी रुंद ठेवावी लागते की शॉव्हेल, म्हणजे खोदायचं यंत्र, उभं राहिलं पाहिजे, डंपर वळला पाहिजे. ‘पायरी’ म्हणा असं एका साहेबांनी सुचवलं होतं. पण पायरीवर माणूस पाय ठेवतो, इथं शंभर टनांचा डंपर फिरतो. आमच्याकडे बेंचच चालते. ‘चालते’ म्हटलं, कारण खाणीत ती *ती* असते.

उत्तर : पायरीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. आणि लिंगाचा मुद्दा तर फार कामाचा. नागपुरात माझ्या कानावर तो बेंच, ती बेंच आणि ते बेंच, तिन्ही पडलेत. खाणीत हिंदीचा वावर जास्त, त्यामुळे ती स्त्रीलिंगी राहिली असावी.

मोजणीवाल्यांची बेंचही जोडतो. जुने सर्वेक्षक दगडावर छिन्नीने आडवी खाच पाडत आणि तिच्याखाली बाण कोरत. खाचेत लोखंडी कोन बसवायचा आणि त्यावर उंची मोजायची पट्टी टेकवायची. तो कोन म्हणजे पट्टीचं बाकडं, आणि ती खूण म्हणजे बेंच मार्क. आपल्या झिरो माइलला चार घोड्यांसमोर फोटो काढताना सगळे ‘भारताचा मध्य’ म्हणतात. पण तिथला दगड आहे जीटीएसचा, म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा, स्टँडर्ड बेंच मार्क, १९०७ सालचा. त्याचं खरं काम उंची सांगणं : समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट, म्हणजे ३११ मीटर. कर्जाच्या व्याजाचा किंवा मोबाइलच्या वेगाचा ‘बेंचमार्क’ म्हणतात तो या दगडावरच्या खुणेचा वंशज. तिथे ‘मानदंड’ चालतो. मोजणीच्या कामावर मात्र बीएम (बेंच मार्क) आणि टीबीएम (तात्पुरता बेंच मार्क) एवढंच ऐकू येतं.

प्रयोगशाळेतलं ‘बेंच-स्केल’ आपल्या नीरीच्या, म्हणजे पर्यावरण संशोधन संस्थेच्या, लोकांना विचारा. सांडपाणी शुद्ध करायची पद्धत आधी टेबलावरच्या चंचुपात्रात जमते का पाहायची, मग मोठा प्रकल्प. ‘टेबलावरचा प्रयोग’ म्हटलं की कळतं. फिटरचा बेंच व्हाइस आणि जिममधली बेंच प्रेस यांच्या वाटेला मी जात नाही. तिथे कुणी अडलेलं दिसत नाही.

हरकत : सगळं ठीक, पण कोर्टाचं टाळलंत. ‘खंडपीठ’ आहे ना प्रतिशब्द?

उत्तर : टाळलं नाही, शेवटी ठेवलं, कारण खरी अडचण तिथेच आहे. नागपूरला १९३६ मध्ये स्वतंत्र उच्च न्यायालय मिळालं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि इथे मुंबई उच्च न्यायालयाचं बेंच राहिलं. हे बेंच म्हणजे *ठिकाण*. पण कोर्टात बेंच म्हणजे प्रकरण ऐकायला बसलेले *न्यायमूर्ती*ही. एक बसले तर एकलपीठ, दोन बसले तर डिव्हिजन बेंच म्हणजे खंडपीठ, त्याहून मोठं ते पूर्णपीठ. सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न आला की किमान पाच जणांचं घटनापीठ.

आपण ठिकाणालाही खंडपीठ म्हटलं आणि दोघांच्या पीठालाही. मग बातमीत ‘नागपूर खंडपीठाच्या एकलपीठाने’ असं वाक्य पडतं, आणि ‘नागपूर खंडपीठाच्या खंडपीठाने’ लिहायची वेळ आली की उपसंपादक पेन खाली ठेवतो. इंग्रजीत बेंच आणि डिव्हिजन बेंच असा फरक निदान आहे. आपण तोही पुसला. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं कामकाज सुरू झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘सर्किट बेंच’ (फिरतं पीठ) जसंच्या तसं ठेवलं. मला त्यात शहाणपण दिसतं.

हरकत : मग नुसतं ‘पीठ’ म्हणायचं? गिरणीतलं आठवतं हो!

उत्तर : आठवू द्या. गिरणीतलं पीठ ‘पिष्ट’वरून आलं, बसायचं पीठ मूळचंच संस्कृत, दोघं इतकी वर्षं एकाच गावात नांदताहेत. विद्यापीठ म्हटल्यावर कुणी चाळणी घेऊन धावत नाही. ठिकाणासाठी ‘नागपूर पीठ’ आणि दोन न्यायमूर्तींसाठी ‘खंडपीठ’, एवढी वाटणी केली तर ‘नागपूर पीठाच्या खंडपीठाने याचिका फेटाळली’ हे वाक्य वकिलालाही पटेल आणि वाचकालाही. इमारतीवरच्या पाट्या आणि सरकारी कागद ‘नागपूर खंडपीठ’च म्हणत राहतील, ते नाव आता बदलणार नाही. बातमी लिहिताना मात्र ‘नागपूर खंडपीठातील दोन न्यायमूर्तींच्या पीठाने’ असं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.