‘साकुरा चिरु’ : गळणे, झडणे की विखुरणे?

जास्वंद : जपानी उताऱ्यातल्या ‘साकुरा गा चिरु’चं ‘चेरीचा मोहोर गळतो’ असं भाषांतर केलं. तपासणाऱ्यांनी ‘झडतो’ केलं. कोणतं बरोबर?

ओंजळ : दोन्ही नकोत. तुडतुडे (कीड) किंवा भुरी (बुरशीचा रोग) पडली की मोहोर गळतो. त्यात नुकसान आहे. झडतात पानं, पिसं. ‘चिरु’ म्हणजे पाकळ्या सुट्या सुट्या होऊन विखुरणं. जपानीत फुलागणिक क्रियापद बदलतं. त्सुबाकीचं (कॅमेलिया) आख्खं फूल पडतं, म्हणून ‘ओचिरु’. उमेला (जपानी प्लम) ‘कोबोरेरु’, म्हणजे सांडणं. आपला प्राजक्त सांडतो, तसंच!

बांधावरचा : आधी ‘मोहोर’ बदला. मोहोर आंब्याचा, काजूचा, तुऱ्यांनी येणारा. चेरीला लांब देठांच्या तीन-चार फुलांचा झुबका येतो. बहर म्हणा. जपानी हवामान खातं नमुना झाडावर 5-6 फुलं उमलली की ‘काइका’ (उमलायला सुरुवात) जाहीर करतं, 80 टक्के उमलली की ‘मान्काई’. मान्काईला ‘भरबहर’ चपखल बसतो.

मुकुल : बहर फारसी ‘बहार’वरून आला. मोहोर संस्कृत ‘मुकुल’वरून. घरचा शब्द का टाकायचा?

बांधावरचा : आंबिया बहर, मृग बहर, हस्त बहर, हे फळबागांतले फुलोऱ्याचे हंगाम. पाण्याचा ताण देऊन बहर धरतात, तेव्हा फारसी कुणी आठवत नाही.

मुकुल : म्हणजे तो फळांच्या हिशेबाचा शब्द! सोमेई योशिनो या चेरीच्या जातीची झाडं एकाच झाडाची कलमं. आपापसात त्यांना फळ धरत नाही.

ओंजळ : त्यामुळेच तर एका गावातली सगळी एकदम उमलतात, एकदम विखुरतात. पाकळ्या वाऱ्यावर उडाल्या की ‘हानाफुबुकी’. फुबुकी म्हणजे बर्फाचं वादळ. त्याला ‘सडा’ म्हणू नका, सडा जमिनीवरचा. ‘पुष्पवृष्टी’ही नको, ती वरून सरळ होते. पाण्यावर साचलेल्या पाकळ्या ‘हानाइकादा’, फुलांचा तराफा.

जास्वंद : पण उताऱ्यात ही तार आहे! पूर्वी प्रवेशपरीक्षेत पास झालेल्याला ‘साकुरा साकु’ (उमलला) अशी तार यायची, नापासाला ‘साकुरा चिरु’. तिथे ‘विखुरला’ कसं चालेल?

बांधावरचा : तिथे ‘गळला’च. परीक्षेत मुलं गळतात.

ओंजळ : मग एकाच उताऱ्यात एका क्रियापदाला दोन शब्द होतील. मला ते पटत नाही. ‘विखुरला’च ठेवा, तळटीप द्या.

मुकुल : ‘साकु’ म्हणजे उमलणं, त्यावरूनच ‘साकुरा’ आला असावा. काही जण ‘सा’ भाताच्या शेताचा देव आणि ‘कुरा’ त्याचं आसन अशी फोड करतात. ती ओढूनताणून वाटते.

बांधावरचा : मला तीच पटते. पेरणीची वेळ फुलं पाहूनच ठरायची.