हार्ड डिस्क कॉम्प्युटर ओळखत नाही, ड्रायव्हर टाकू का? सल्ला हवा आहे (सांगली)

गावभाग_सांगली
घरचा जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०. वडिलांची (नानांची) भजनं आणि काकड आरतीचं रेकॉर्डिंग एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे. नाना आता नाहीत आणि दुसरी प्रत कुठेच नाही. परवा डिस्क लावली तर टुंग-टुंग आवाज येत राहिला आणि ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा मेसेज आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो, उघडल्यावर कोड ४३.
इथल्या एकाला दाखवलं. तो म्हणाला, ड्रायव्हर उडालेत, सगळं फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकू. मन धजावलं नाही. मग नेटवरून ड्रायव्हर अपडेट करणारं एक सॉफ्टवेअर घेतलं, तर ते स्कॅन करून पैसे मागतंय. भरू का?

कंदी_पेढा
ताई, पैसे भरू नका आणि फॉरमॅटला हो म्हणू नका. आधी एवढं सांगा: डिस्क सीपीयूला पुढे लावताय की मागे? त्याच जागी पेनड्राइव्ह चालतो का? डिस्कचा आवाज कसा येतो?

गावभाग_सांगली
पुढे लावते. पेनड्राइव्ह तिथेच व्यवस्थित चालतो, म्हणून तर पोर्ट चांगला आहे असं वाटलं. डिस्कचा दिवा लागतो, पण फिरायला लागते न लागते तोच टक् करून थांबते. परत तेच.

कंदी_पेढा
मग ड्रायव्हरचा (म्हणजे ती वस्तू कशी चालवायची हे विंडोजला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) यात संबंध नाही. पिवळ्या त्रिकोणाशेजारी ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ लिहिलंय का बघा. बहुतेक असेलच. कुठलीही यूएसबी वस्तू लावली की कॉम्प्युटर पहिल्यांदा तिला ‘तू कोण?’ असं विचारतो. ती आपला कंपनी क्रमांक आणि मॉडेल क्रमांक सांगते, आणि त्यावरून विंडोज ड्रायव्हर निवडतं. तुमची डिस्क त्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देत नाहीये. ड्रायव्हर निवडायची वेळच आलेली नाही, तर तो बदलून काय होणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शिवाय हार्ड डिस्क-पेनड्राइव्हचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो.

आता वीज. साध्या यूएसबी २.० पोर्टने द्यायचा करंट ५०० मिलिअँपिअर, ३.० ने ९०० (आत बहुधा निळी पट्टी असते). पेनड्राइव्हचं थोडक्यात भागतं. डिस्कमध्ये मोटर असते आणि ती सुरू होताना एकदम ओढते. पुढचे पोर्ट आतल्या बारीक वायरवरून येतात, मागचे थेट मदरबोर्डवर असतात. म्हणून कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करून डिस्क मागच्या पोर्टला लावा. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) नको.

घाटाखालचा
सगळीकडे ड्रायव्हर निर्दोष नसतो हां. आमच्या प्रिंटरला कोड २८ येत होता, म्हणजे ड्रायव्हरच नाही. कंपनीच्या साइटवरून मॉडेल बघून टाकला आणि पाच मिनिटांत चालू. प्रिंटरचं अजून एक: वायर दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज कधीकधी ‘कॉपी १’ नावाचा वेगळा प्रिंटर तयार करतं, आणि आपण जुन्यालाच प्रिंट देत बसतो.

गावभाग_सांगली
मागे लावली. दिसली! ड्राइव्हचं नाव आलं, फोल्डर आले, आणि दोन मिनिटांत गायब. आता वायर जरा हलली तरी टुंग होतं. मध्येच एकदा ‘फॉरमॅट करायचं का’ असंही विचारलं, मी कॅन्सल केलं.

कंदी_पेढा
कॅन्सल केलंत ते फार बरं केलंत. आता परत परत लावून बघू नका. टक् आवाज डिस्कच्या आतला असेल तर प्रत्येक वेळी ती आणखी खराब होऊ शकते. दुरुस्तीचं स्कॅनही चालवायचं नाही, आधी प्रत काढायची.
वायरचं डिस्ककडचं तोंड बघा. चपटं, रुंद, दोन भागांचं असेल. ते सैल पडतं. तशीच नवीन वायर आणा, जेवढी आखूड तेवढी बरी. डिस्क दिसली की सगळ्यात आधी नानांचं फोल्डर कॉपी करा, बाकी नंतर.

गावभाग_सांगली
मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. जुन्या वायरच्या पिनांवर हिरवट थर आहे. २०१९ च्या पुरात आम्ही सगळं सामान माळ्यावर टाकलं होतं, त्यात ही वायर ओल्या पिशवीत राहिली होती.
नवीन, वीतभर लांबीची आणली. मागच्या पोर्टला लावली आणि डिस्क एकाच दमात फिरली, टक् नाही. भजनांचं फोल्डर तासाभरात कॉपी झालं. मधली एक आरती लावून बघितली. नाना सुरुवातीला खाकरतात, तेसुद्धा आहे.

कंदी_पेढा
वाचून खरंच बरं वाटलं, ताई. तेच फोल्डर एका पेनड्राइव्हवरही टाकून भावंडांपैकी कुणाच्या तरी घरी ठेवा. पैसे मागणारं ते सॉफ्टवेअर ॲप्सच्या यादीतून काढून टाका. आणि जुनी वायर ड्रॉवरमध्ये ठेवू नका, घाईत कुणीतरी तीच लावेल.

गावभाग_सांगली
कात्रीने कापली.