मदत हवी आहे: पाव इंच माया मोजून ठेवली, तरी नऊ चौकोनांचा ब्लॉक लहान का भरतो?

मूळ प्रश्न

नमस्कार. मी कपडे बरीच वर्षे शिवत आले आहे, पण क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी) पहिल्यांदाच करायला घेतले आहे, आणि जिथे अडचण येईल असे मला मुळीच वाटले नव्हते तिथेच, म्हणजे सरळ शिवणीतच, अडून बसले आहे. आराखडा साधा आहे. एकूण ४९ ब्लॉक, म्हणजे चौकोनी भाग, सात ओळींत सात-सात. त्यांपैकी २५ ब्लॉक नऊ चौकोन जोडून केलेले आणि २४ अखंड कापडाचे, एकाआड एक मांडलेले. जोडायचे चौकोन अडीच इंचांचे कापले आहेत आणि शिवणीला पाव इंच माया (टाक्यापासून कडेपर्यंत सोडलेले कापड) धरली आहे, म्हणजे नऊ चौकोनांचा तयार ब्लॉक साडेसहा इंच भरायला हवा. अखंड ब्लॉक मी साडेसहा इंचांचेच कापून ठेवले आहेत.

आतापर्यंत नऊ चौकोनांचे ११ ब्लॉक शिवून झाले आणि एकही साडेसहा इंच भरत नाही. वरच्या कडेला रुंदी साधारण सहा पूर्णांक तीन अष्टमांश इंच येते आणि खालच्या कडेला जेमतेम सव्वासहा. अखंड ब्लॉकशेजारी ठेवला की फरक लांबूनही दिसतो, आणि ताणून बसवला तर अखंड ब्लॉकला झोळ येतो.

जे तपासले ते सांगते, म्हणजे आपला वेळ जाणार नाही. पाव इंचाच्या शिवणीसाठी मिळणारा, उजवीकडे पातळ पट्टी असलेला प्रेसर फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा भाग) मी वापरते. शिवलेल्या तुकड्यांवर पट्टी ठेवून टाक्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजले. निदान शिवणीच्या सुरुवातीला तरी ते बरोबर पाव इंच आहे. कापलेले चौकोन पुन्हा मोजले, तेही अडीच इंच आहेत. धागा ४० क्रमांकाचा सुती आहे. शिवण गडद कापडाच्या बाजूला वळवून वाफेच्या इस्त्रीने दाबते. माया बरोबर, कापणी बरोबर, तरी ब्लॉक लहान, हे कोडे मला सुटत नाही. शिवाय अखंड ब्लॉकच छाटून लहान केले तर चालेल का, हेही कळवावे.

पहिला प्रतिसाद

आपण माया मोजलीत, पण मोजायला हवा होता तो चौकोन. कपडे शिवताना टाक्यापासून कडेपर्यंतचे अंतर बरोबर असले की काम भागते. क्विल्टमध्ये मात्र शिवण वळवून दाबल्यावर उजव्या बाजूने किती कापड दिसते, यावर सगळा हिशोब चालतो. कापड टाक्यावरून वळते तेव्हा त्या घडीत त्याची स्वतःची जाडी आणि धाग्याची जाडी मिळून थोडे कापड खर्च होते. म्हणून पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, काटेकोर शिवले तर तुकडा हमखास किंचित लहान भरतो. माया पाव इंचाहून एक-दोन धाग्यांइतकी कमी ठेवावी लागते, ती याचसाठी.

आपल्याच आकड्यांवरून पाहा. वरच्या कडेला तूट एक अष्टमांश इंच आहे आणि आडव्या ओळीत शिवणी दोन आहेत, म्हणजे एका शिवणीमागे एक सोळांश आणि शिवणीच्या प्रत्येक बाजूला एक बत्तिसांश इंच. एवढे अंतर, मिलिमीटरहूनही कमी, पट्टीवर डोळ्यांना दिसत नाही. तुम्हाला ते ‘बरोबर पाव इंच’ वाटले यात नवल नाही. सगळे ब्लॉक नऊ चौकोनांचेच असते तर सगळेच सारखे लहान झाले असते आणि हा प्रश्न कधी उभाच राहिला नसता. ज्या ब्लॉकमध्ये एकही शिवण नाही तो शेजारी आला म्हणून चूक उघडी पडली.

कृपया एक चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या, चार-पाच इंच लांबीच्या तीन पट्ट्या नेहमीचाच धागा आणि नेहमीचीच सुई वापरून जोडा, इस्त्री करा आणि फक्त मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे, आणि तिन्ही मिळून साडेतीन. मधली पट्टीच मोजायची, कारण तिच्या दोन्ही बाजूंना शिवण असते आणि कापणीतली बारीकसारीक चूक तिथे बाहेरच्या पट्ट्यांच्या आड लपत नाही.

अखंड ब्लॉक छाटण्याची घाई मात्र करू नका. आपला ब्लॉक वर एक माप आणि खाली दुसरे दाखवतो; अखंड ब्लॉक कोणत्या मापाला छाटणार?

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण त्याने फक्त वरच्या कडेचा उलगडा होतो. खालच्या कडेची जादा तूट घडीमुळे येऊ शकत नाही, कारण घड पूर्ण शिवणीत सारखीच असते. माझ्या मते आपले कापड शिवणीच्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण इंचात उजवीकडे सरकते आणि तिथे माया वाढते. अडीच इंचांच्या तुकड्यात हे फार होते. कापडाची शेपटी मशीनच्या, कापड सरकवणाऱ्या पुढच्या दात्यांवरून सुटली की ते फक्त मागच्या दात्यांच्या पकडीत राहते आणि सहज वळते. त्यात आपला हात शेवटी सुटतो किंवा मागून कापड ओढायची सवय असते. एक शिवण उलटी करून तिच्या दोन टोकांची माया वेगवेगळी मोजा, म्हणजे खात्री पटेल.

उपाय तीन आहेत, पण मला सर्वांत उपयोगी पडलेला म्हणजे प्रेसर फुटाच्या पुढे लांबवर जाणारी भिंत. पारदर्शक पट्टी सुईखाली ठेवा, हाताने चाक फिरवून सुईचे टोक पाव इंचाच्या रेषेच्या किंचित उजवीकडे, म्हणजे पट्टीच्या कडेच्या बाजूला टेकवा, फूट खाली करा आणि पट्टीच्या कडेला लागून मशीनवर चिकटपट्टीचे पाच-सहा थर एकावर एक लावा. दाते आणि बॉबिनचे झाकण तेवढे मोकळे राहू द्या. कापड फुटाखाली जाण्याआधीच या भिंतीला घासून सरळ होते. फुटावरची पट्टी तोकडी असते, शिवाय ती घडीचा विचार करून बसवलेली असेलच असे नाही. शिवताना नजर सुईवर न ठेवता कापडाच्या कडेवर ठेवा आणि शेपटी टोकदार सळईने सुईपर्यंत पोचवा. सुरुवातीला चिंधीवर टाके घालून मग तुकडे ओळीने सोडत गेलात तर दोरा गोळा होणे आणि कापड आत ओढले जाणेही थांबेल.

एक इशारा : सुई एक-दोन पायऱ्या उजवीकडे सरकवूनही माया कमी करता येते, पण पाव इंचाच्या पुष्कळशा फुटांना एकच गोल भोक असते. सरकवलेली सुई फुटावर आदळून तुटते. आधी चाक हाताने फिरवून पाहावे.

तिसरा प्रतिसाद

इस्त्रीकडे कोणी पाहिले नाही, म्हणून लिहितो. प्रथम शिवण मिटलेलीच ठेवून दाबावी, म्हणजे टाके कापडात बसतात. मग उजव्या बाजूने उघडून इस्त्री ठेवावी आणि उचलावी, सरकवू नये. शिवणीलगत कापडाची बारीक चुणी राहिली तर तीही बत्तिसांश इंच सहज खाते, आणि दोष उगाचच मायेवर जातो. वाफेने लहान तुकडे वेडेवाकडे ताणले जातात. मी तरी ती बंद ठेवतो. ५० क्रमांकाचा धागा ४०पेक्षा बारीक असल्याने घडीत कमी जागा घेतो. धागा बदललात तर पट्ट्यांची चाचणी पुन्हा करावी लागेल, हे लक्षात असू द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री पट्ट्यांची चाचणी केली. मधली पट्टी एक इंचाला एक सोळांश कमी आणि तिन्ही मिळून साडेतीनऐवजी तीन पूर्णांक तीन अष्टमांश, म्हणजे पहिल्या प्रतिसादातला हिशोब जसाच्या तसा उतरला. शिवणीची दोन टोकेही मोजली. शेवटच्या टोकाला माया खरोखरच जास्त निघाली, आणि मी कापड मागून ओढते हे घरच्यांनी शेजारी उभे राहून दाखवून दिले. मी तोपर्यंत ते नाकारत होते.

आज चिकटपट्टीची भिंत लावली, वाफ बंद केली, धागा मात्र तोच ठेवला, कारण एका वेळी सगळेच बदलले असते तर कशाने फरक पडला ते कळले नसते. भिंत दोनदा काढून पुन्हा लावावी लागली. तिसऱ्या खेपेस मधली पट्टी एक इंच भरली. त्यानंतर शिवलेला नवा ब्लॉक वर साडेसहा इंच आहे, आणि खाली सुताएवढाही फरक नाही.

जुन्या ११ ब्लॉकचे काय करावे यावर विचार केला. जादा माया कमी करायची तर नवी शिवण कडेच्या जवळ येते, म्हणजे आधी नवी घालून मग जुनी उसवता येईल; पण त्यासाठी प्रत्येक ब्लॉकच्या दोन लांब शिवणी उघडून आतल्या सहा आखूड शिवणी दुरुस्त कराव्या लागतील, म्हणजे ११ ब्लॉकच्या मिळून ८८ शिवणी. तेवढ्यात नवे ब्लॉक शिवून होतील. म्हणून त्यांपैकी नऊ ब्लॉक सव्वासहा इंचांना छाटून, मध्ये अखंड ब्लॉक न घेता, तीन-तीनच्या ओळींत त्यांचे वेगळे लहान क्विल्ट करणार आहे. कडेचे चौकोन मधल्याहून थोडे अरुंद दिसतील, ते मला चालेल. उरलेले दोन तसेच मशीनजवळ टाचून ठेवले आहेत.