सहा महिने एकाच बातमीमागे राहायचं तर घर कशावर चालवायचं?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. सरळ पैशाचंच विचारतो.

जिल्हा दैनिकात बरीच वर्षं काढली, आता सुटा आहे. पगारापेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर घर चालायचं, हे इथं कुणाला नवं नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की पुरवणीचं टार्गेट, पतसंस्थेची वार्षिक सभा आली की अहवालाची जाहिरात. सकाळी ज्याच्या दारात जाहिरातीसाठी बसायचं, त्याच्याच कारखान्यावर संध्याकाळी काय लिहिणार?

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जण गेले. काही दिवस सगळीकडे तेच, मग पालख्या आल्या, मग पाऊस. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे मालकानं दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन द्यायचं असतं. मला त्या एका कारखान्याचं लिहायचं नाही. शहरातल्या किती यंत्रमाग शेडचं हे प्रमाणपत्र खरोखर येतं? कुणाच्या टेबलावर येतं, महापालिकेच्या की एमआयडीसीच्या? एकच एजन्सी जागेवर न जाता गठ्ठ्यानं सह्या करते का? आणि शेडमध्येच कामगार राहत असतील तर ते त्या कागदात कुठं दिसतं का? घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळं कामगार माझ्याशी मोकळे होतात. बाहेरून आलेल्याला ते चहा पाजतील, पण रात्री दाराला कुलूप कोण लावतं हे सांगणार नाहीत.

घरखर्च महिना २५ हजार धरला. वर झेरॉक्स, पेट्रोल, माहिती अधिकारातल्या अपिलांची धावपळ, आणि छापण्याआधी वकिलाकडून वाचून घेणं. सगळं मिळून दोन लाखांच्या आसपास जातंय. एवढे पैसे कोण देतं? परदेशी संस्थेचे घेतले तर अडकतो का? की लोकवर्गणी काढू?

निवृत्त_उपसंपादक

सहा महिन्यांचे पैसे आज मागूच नका. काहीतरी गडबड आहे असा नुसता संशय घेऊन गेलात तर कुणी देणार नाही. आधी कागदाचा टप्पा उरका, तो स्वस्त आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानाला २ रुपये, उत्तराला ३० दिवस. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, त्यामुळं दोन-तीन वेगळे करा.

कारखान्यांची नावं मात्र घालू नका. कलम ११ खाली अधिकारी त्रयस्थ पक्षाला, म्हणजे मालकाला, नोटीस काढू शकतो. तुमच्या हातात कागद पडायच्या आधी अख्ख्या एमआयडीसीला तुमचं नाव कळेल. त्यापेक्षा जानेवारी आणि जुलैची आवक नोंदवही मागा, आणि प्रत न मागता जागेवर पाहणी मागा. नोंदवहीत कोण नाही, हीच तुमची पहिली बातमी. दुसरं अपील माहिती आयोगाच्या पुण्याच्या खंडपीठाकडं जातं आणि तिथं तारीख लागेपर्यंत माणूस म्हातारा होतो, तेव्हा त्यावर विसंबू नका.

राहिला दिवाळी अंक. मराठीत पंधरा-वीस पानांचा रिपोर्ताज अजूनही तिथंच छापून येतो. पण मानधन नंतर आणि बेताचं. शिवाय जाहिराती कुणाच्या असतात ते चाळून बघा: बँका, साखर कारखाने, बिल्डर. यंत्रमागवाला तेवढा सापडत नाही, तुमचं नशीब.

सीए_साखरपेठ

परदेशी पैशाबद्दल. २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम ३ मध्ये नोंदणीकृत वृत्तपत्राचा बातमीदार, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक यांना परदेशी देणगी घ्यायला साफ बंदी आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातल्यांनाही आहे. पण कलम ४ मध्ये कामाचा मोबदला वेगळा काढला आहे. म्हणजे परदेशी नियतकालिकानं लेख घेतला, तुम्ही बिल दिलं, त्यांनी पैसे पाठवले, तर ते उत्पन्न. 'तुमच्या संशोधनाला मदत' म्हणून पाठवले तर प्रश्न सुरू. पैसा खात्यात आल्यावर माझ्याकडं येऊ नका, करारावर सही करायच्या आधी या.

लोकवर्गणीत दुसरी मेख. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात एकूण ५० हजारांपेक्षा जास्त भेट मिळाली तर सगळी रक्कम करपात्र होते, वरची तेवढी नाही. आणि संस्था काढून करसवलत घेऊ म्हणाल, तर द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह या शोधपत्रकारांच्या संस्थेचं बघा. जानेवारी २०२५ मध्ये आयकर खात्यानं त्यांचा ना-नफा दर्जा काढून घेतला. त्यांनीच जाहीर केलेलं कारण असं की, पत्रकारितेतून सार्वजनिक हित साधत नाही. एकट्या माणसानं संस्थेच्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

मराठवाडी_बाई

मी एका फेलोशिपवर काम केलंय, त्यावरून सांगते. पैसे देणारा पहिल्यांदा विचारतो, छापणार कोण? म्हणून आधी संपादक पकडा. 'अमुक बाबी सिद्ध झाल्या तर छापू' एवढ्या दोन ओळींचं पत्र मिळालं तरी अर्जाला वजन येतं. 'पारी'कडं जरूर बघा, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ. त्यांनी फेलोशिप दिल्यात आणि मराठीतही छापलंय, सध्या चालू आहे का ते आधी विचारून घ्या. साईनाथ स्वतः १९९३ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या फेलोशिपवरच जिल्हे फिरले होते. अमेरिकेतल्या पुलित्झर सेंटरचा पैसा प्रामुख्यानं प्रवास आणि फिल्डच्या खर्चासाठी असतो, घरभाड्याला नाही, आणि वर सीएंनी सांगितलेलं आहेच. बेंगळुरूचं इंडिपेंडंट अँड पब्लिक स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन भारतीय देणगीदारांच्या पैशावर चालतं, पण निधी माध्यमसंस्थांना देतं. म्हणजे एखाद्या संस्थेच्या आडोशानंच तिथं पोचाल.

बजेटमध्ये वकिलाची रक्कम पहिल्या ओळीत लिहा. सगळे ती शेवटी लिहितात आणि कात्री लागली की तीच जाते. बदनामीची केस आता न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षेपेक्षा तारखा माणसाला झिजवतात. तुमच्यावर केस झाली तर वकील कोण देणार, हे संपादकाकडून लेखी घ्या. तोंडी 'आम्ही आहोत की' याला अर्थ नाही.

तेलुगू येतं हे अर्जात ठळक लिहा. दिल्लीच्या बातमीदाराला तिथं दुभाषा घ्यावा लागेल.

कुंभारीकर

एवढं कशाला ओ? विडी-यंत्रमाग कामगार हजारोंनी हायत, प्रत्येकी १० रुपये काढले तरी दोन लाख जमतंय की. युनियनवाले गोळा करून देतील.

पूर्वभाग_सोलापूर

जमतील, पण घ्यायचे नाहीत. युनियनच्या पावतीवर पैसे आले की दुसऱ्या दिवशी मालक म्हणणार, ही युनियनची बातमी. मग नोंदवहीत काहीही निघू दे, कुणी वाचणार नाही. न्यूजलॉन्ड्री हे बातम्यांचं संकेतस्थळ वाचकांकडून एकेका प्रकल्पासाठी पैसे उभे करतं, ती पद्धत मला आवडते. देणारे देशभर विखुरलेले असतात. सोलापुरात मात्र पन्नास देणाऱ्यांतले चाळीस कुणा ना कुणा मालकाचे मेहुणे निघतील.

सध्या असं ठरवतोय: आवक नोंदवहीचे दोन अर्ज, एक महापालिकेत, एक एमआयडीसीत. तोवर एका जाहिरात एजन्सीचं मजकूर लिहायचं काम घेतो. एजन्सी हैदराबादची आहे, इथल्या कुणाशी संबंध नाही. कागद आले की संपादकाचं पत्र, मग 'पारी'ला अर्ज. दीडशे शब्दांत बसवलेला मसुदा तयार आहे. इथं टाकू का?

निवृत्त_उपसंपादक

इथं नको. विषय चहाच्या टपरीवरही चालू आहे, तो सांगितलात तर बिघडत नाही. पण कुठल्या कार्यालयातली कुठली वही मागताय हे या धाग्यावर उद्या कोण वाचेल सांगता येत नाही. मला निरोपात पाठवा, रविवारी बघून देतो. आणि तोवर ती 'एमआयडीसी की महापालिका' वाली ओळ तुमच्या पहिल्या पोस्टमधून काढून टाका.