जप्तीचं वॉरंट दोनदा तसंच परत आलं, आता काय करावं?

पंप-पाइपवाला: तालुका कोर्टातून ८६,००० रुपये आणि ६ टक्के व्याज अशी डिक्री (वसुलीचा हुकूमनामा) मिळाली आहे. ऋणको, म्हणजे पैसे देणं लागणारा, गावातच राहतो. चार एकर कपाशी, घरचा ट्रॅक्टर, तो भाड्यानंही चालतो. पहिलं वॉरंट ‘घर बंद’ या शेऱ्यावर परत आलं. दुसरं तारीख उलटेपर्यंत नाझरकडेच (बेलिफांना वॉरंटं वाटून देणारा कोर्टाचा अधिकारी) पडून राहिलं. बेलिफाकडून (वॉरंट बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) काम करून घ्यायचा काही कायदेशीर मार्ग आहे का?

दरखास्त_२१: आहे भाऊ. दोन्ही वॉरंटांवरच्या शेऱ्यांच्या नकला काढा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (पुढची कलमंही तिचीच) ऑर्डर २१ नियम २५ प्रमाणे वॉरंट बजावलं नसेल तर का नाही, आणि परत करायची तारीख उलटली असेल तर उशीर का, हे बेलिफानं वॉरंटावरच लिहायचं असतं. बजावता आलं नाही असा शेरा असेल तर कोर्टानं त्याला त्याबद्दल तपासायचं असतं. नियमात ‘करावं’ असंच आहे. नियमाचा उल्लेख करून दरखास्तीतच (डिक्रीच्या वसुलीसाठी चालणारं प्रकरण) अर्ज द्या. नाझरशी तोंडी बोलून रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, काही येत नाही.

‘घर बंद’चं कारण बहुतेक वेळेचं असतं. वेचणीच्या दिवसांत अकरा वाजता घरी कोण सापडणार? सगळे वावरात. कलम ६२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय राहत्या घरात शिरता येत नाही, पण सकाळी सातला येतं. नव्या वॉरंटासाठी परतीची तारीख लांबची मागा, बेलिफाचा भत्ता त्याच दिवशी भरून पावती घ्या. मालमत्तेच्या यादीत नुसतं ‘ट्रॅक्टर’ लिहू नका. नोंदणी क्रमांक, इंजिन व चेसिस क्रमांक, आणि तो रात्री कुठे उभा असतो (अंगणात की वावरातल्या कोठ्यात) हे लिहा. अंगणात असेल तर दार उघडण्याचा प्रश्नच येत नाही. दोन पंच आणि न्यायला चालक तुम्हीच तयार ठेवा. अडवतील अशी शंका असेल तर पोलीस मदतीचा अर्ज आधीच द्या.

वऱ्हाडी मुनीम: ट्रॅक्टरवर फायनान्सचा बोजा (कर्ज) आहे का ते आरटीओच्या नोंदीत आधी पाहा. बोजा मोठा असेल तर लिलाव करून तुमच्या हाती फारसं लागणार नाही. शिवाय कलम ६० मध्ये शेतीची अवजारं, बैलजोडी, बियाणं, शेतकऱ्याचं राहतं घर यांना संरक्षण आहे. ट्रॅक्टर हे शेतीचं अवजार आहे अशी हरकत ऋणको घेईल, म्हणून भाड्याच्या कामाचा पुरावा जोडा.

माझ्या मते बेलिफाच्या मागे धावण्यापेक्षा पैसा धरा. ऑर्डर २१ च्याच नियम ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागवा, नमुना १६-अ. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. बँक खातं कळलं की नियम ४६ व ४६-अ खाली बँकेला मनाई हुकूम आणि गार्निशी नोटीस (ऋणकोचे पैसे ज्याच्याकडे आहेत त्यानं ते कोर्टात भरावेत अशी). केसीसीचं (किसान क्रेडिट कार्डाचं पीककर्ज) खातं देऊ नका, तिथे शिल्लक नसते, देणंच असतं. कापसाचा चुकारा (विक्रीचे पैसे) जमा होतो ते बचत खातं हवं. वेळही साधा: मे महिन्यात रिकाम्या खात्यावर हुकूम नेऊन काय मिळणार? कापूस व्यापाऱ्याला दिला असेल आणि पैसे बाकी असतील, तर नोटीस व्यापाऱ्यालाच.

पंप-पाइपवाला: धन्यवाद दादा. सरळ अटक वॉरंट मागितलं तर?

दरखास्त_२१: मागता येतं, पण कलम ५१ प्रमाणे ऐपत असून देत नाही, किंवा मालमत्ता लपवली, असं काही दाखवावं लागतं. नुसती गरिबी असेल तर अटक होत नाही. कैदेतल्या जेवणाचा खर्चही आधी तुम्हालाच भरावा लागतो. म्हणून प्रतिज्ञापत्र आधी, अटक नंतर.

२२ एप्रिल २०२१ च्या राहुल शाह निकालात सर्वोच्च न्यायालयानं दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं आहे, तेही अर्जात लिहा. डिक्रीला बारा वर्षं मुदत असते, पण एकही तारीख चुकवू नका. गैरहजेरीत दरखास्त निकाली निघाली तर जप्तीही उठू शकते.