मदत हवी आहे: थंडीत कुडकुडणाऱ्या काकांना कसं पटवू?
राजेहो, जरा मदत करा. रोज सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर कानटोपी घालून आलेले काका एकच विचारतात, काहून बे, कुठं गेलं तुझं ग्लोबल वॉर्मिंग? मी सांगितलं की २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशावर गेला होता तरी ते वर्ष जगभरात सरासरीपेक्षा गरमच होतं, अन एका दिवसाची थंडी वेगळी, क्लायमेट म्हणजे ३० वर्षांची सरासरी, तर म्हणतात जगाचं सोड, माझे पाय गारठले ते बघ. (मे महिन्यात हेच काका कूलरसमोरून हलत नाहीत!) उत्तरेकडून गार वारे आले की इथं थंडी पडते हे त्यांना मान्य आहे, पण पृथ्वी तापत असताना असे दिवस येतात कसे, हे चहा संपायच्या आत पटेल असं घरगुती उदाहरण आहे का कोणाकडे? आकडे नका देऊ, ते ऐकत नाहीत.